ढवळूचं पाणी, नवशीचं भेकर

सूर्यमाळच्या एका पाड्यावरच्या ढवळूला आपल्या थोरल्या भावाच्या विधवेचा, नवशीवहिनीचा, हेवा वाटू लागला होता. बरं, हेवा कशाचा, तर एका भेकराचा.

डोंगरावरून दिसेनाशी झालेली भेकरं, म्हणजे कुत्र्यासारखी भुंकणारी लहान हरणं, परतावीत म्हणून प्रत्येकाने आपापल्या उतारावर काहीतरी करायचं, असं गावाने सभेत ठरवलं होतं. ढवळूने ते फारच मनावर घेतलं. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची तर राबाला झुडपं-फांद्या तोडाव्या लागतातच. पण यंदा त्याने आपला उतार असा लख्ख केला, की जणू सोयरिकीचे पाहुणे यायचे होते. गवत तेवढं राखलं, गुरं चारणं बंद केलं, मधोमध खड्डा खणून प्लास्टिक अंथरलं. त्याची बायको चैती खालच्या विहिरीवरून दोन हंडे आणायची, त्यातला एक ढवळू खड्ड्यात रिकामा करायचा. चैतीने त्याच्याशी बोलणं टाकलं.

शेजारचा उतार नवशीचा. एकट्या बाईच्याने तोडणी होईना, म्हणून तिकडे करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या. ढवळू तिला आळशी म्हणायचा.

भेकर आलं. पाणी प्यालं ढवळूच्या खड्ड्यातलं आणि राहायला गेलं नवशीच्या जाळीत. संध्याकाळी ते भुंकलं की पाडा म्हणायचा, नवशीचं भेकर ओरडलं. ढवळूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शाळेचे मास्तर मुलं घेऊन बघायला आले, तेही तिच्याच अंगणात बसून कोरा चहा पिऊन गेले. त्याच्या खड्ड्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

शेवटी एका दुपारी तो पत्र्याचा डबा बडवत तिच्या जाळीत घुसला. एकदा आपल्या बाजूला हाकललं की तिथेच राहील, असा त्याचा बेत. भेकर उसळून त्याच्या उतारावर आलं आणि थबकलं. अंग चोरायला कुठे आडोसाच नव्हता. मग डोंगराची धार ओलांडून जे पलीकडे उतरलं, ते गेलंच.

बांधावर मोळी घेतलेली नवशी उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"तुझ्या बाजूला लपाया एक झुडूप नाय ठेवलंस, ढवळू," ती म्हणाली. "थांबल कुठं ते?"

त्या संध्याकाळी डोंगर गप्प होता.

सकाळी तो वर गेला, तर नवशी त्याच्या खड्ड्यात आपला हंडा ओतत होती.

"येल परत," ती म्हणाली. "पानी आटाया नको."

ढवळूला लाज वाटली. पण लाजेच्या आधी मनात आलं ते दुसरंच: भेकर परतलं, तर आता लोक पाणीसुद्धा नवशीचंच म्हणणार. तो तसाच धावत घरी गेला आणि चैतीकडे दोन्ही हंडे मागू लागला.