स्टिअरिंगखालचं झाकण

मिरजोळ्याच्या गॅरेजमधल्या त्या मिस्त्रींचं नाव मी विचारलंच नाही. पर्स अडकवायला स्टिअरिंगखाली हूक बसवून मागितला, तर त्यांनी हातातलं ड्रिल खाली ठेवलं. तिथल्या झाकणावर बोटाने टकटक करत म्हणाले, “ताई, ह्याच्यामागे ढोपरांची एअरबॅग आहे. इथे भोक पाडणार नाय.” मी फणकारून निघाले.

पुढे एकदा गाडी एका आवाराच्या चिऱ्याच्या गडग्यावर आदळली. ती एअरबॅग फुगली आणि माझे गुडघे वाचले.

आभार मानायला गेले, तेव्हा मिस्त्री खुर्चीवर बसून नमाज पढत होते. मग टेबलाला धरून उठले. मी अपघाताचं सांगितलं. गाडीकडे न बघता त्यांनी विचारलं, “जमिनीवर बसता येतं ना?”

“येतं.”

“बस झालं. माझी ढोपरं गेली, तेव्हा गाडीत हे नव्हतं.”

आता नारळ खवायला विळीवर बसले, की मला ती खुर्ची आठवते.