पुराव्यातला मासा

आमच्या उत्तरेकडच्या शहरात लक्ष्मी गेट नावाच्या जुन्या वेशीबाहेरच्या तळ्यात शिंगाड्याच्या वेलांवर कीटकनाशक फवारले गेले आणि दुसऱ्या सकाळी मासे पोट वर करून तरंगू लागले. आमच्यासारख्यांच्या उपवासाचा शिंगाडा इतक्या निष्ठेने जपला जातो, याबद्दल मी ऋणी आहे. परंतु तपासणीत विष सिद्ध झाल्याशिवाय पुढची फवारणी थांबणार नव्हती आणि उरलेले मासेही वाचणार नव्हते. म्हणून मी एक मेलेला मासा बरणीत घातला, दोन साक्षीदारांसमक्ष तिला लाखेची मोहोर केली आणि घरी फ्रिजमध्ये ठेवली.

"या घरात आजवर मासा आला नव्हता," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "तो तुम्ही एकादशीला आणलात!"

"हा मासा नव्हे, पुरावा आहे."

"मग पुराव्याशेजारीच फराळाला बसा."

दुसऱ्या दिवशी बरणी आणि तपासणीसाठीचा अर्ज घेऊन मी सरकारी कचेरीत गेलो. अधिकारीमहोदयांनी माझा अर्ज आदराने वाचला.

"बाबूजी, रिकॉर्ड में तो ये सिंघाड़े का तालाब है. मछली है ही नहीं, तो मरेगी कैसे?"

युक्तिवाद निर्दोष होता. मी त्यांच्यासमक्ष मोहोर फोडून झाकण उघडले.

"अरे, हटाइए इसे! सड़ी मछली है!" नाकाला रुमाल लावून ते ओरडले.

हेच विधान स्वाक्षरीसह लेखी द्यावे, अशी मी विनंती केली. ते त्यांनी दिले नाही. दाखल केलेला पुरावा परत नेण्यास मीही नकार दिला. आता बरणी खोलीबाहेर काढण्याचा एकच रीतसर मार्ग उरला होता, तो म्हणजे तिला तपासणीसाठी पाठवणे. त्या आदेशावर मात्र त्यांनी तत्काळ सही केली.