मुंबईसारखं तेल

आमच्या तेलाचं नाव मी इथे लिहीत नाही. कोर्टाने ते वापरायला मनाई केली आहे आणि कोर्टाचा हुकूम मोडायचं माझं वय राहिलेलं नाही. एवढंच सांगते की ते माझ्या आतेचं नाव होतं. उंडीच्या बियांचं तेल पाला घालून कसं कढवायचं, हे वडिलांना या मोठ्या बहिणीनेच शिकवलं. ती गेली तेव्हा तिच्यामागे ना मूल होतं, ना एखादा फोटो. म्हणून वडिलांनी बाटल्यांवर तिचं नाव छापून घेतलं आणि मालवणच्या बाजारात गुडघेदुखीची माणसं दिवसभर ते नाव घेत आमच्या दुकानात येऊ लागली.

साठ सालानंतर मुंबईच्या एका औषध कंपनीने दावा ठोकला. त्यांच्या तेलाच्या नावाशी आमचं नाव मिळतंजुळतं आहे, गिऱ्हाइकांची फसगत होते, असं त्यांचं म्हणणं. आमची आते त्या कंपनीच्या कितीतरी आधी जन्मली होती. पण तिने नोंदणी केली नव्हती.

आमचे वकील म्हणाले, दोन्ही तेलं वापरणारं एखादं गिऱ्हाईक साक्षीला आणा. शेजारच्या काकीचा मुलगा मुंबईला गिरणीत होता, दर गणपतीला तो कंपनीचं तेल आणायचा. काकी हौसेने तयार झाली. मी तेव्हा शाळेत शिकवायचे; रजा टाकून तिच्या सोबतीला रत्नागिरीच्या कोर्टात गेले. 'दोन्ही तेलं अगदी वेगळी,' हे वाक्य एस.टी.त तिच्याकडून घोटवून घेतलं.

पण आमच्याकडे एखादी वस्तू वेगळी म्हणजे जरा डावीच. आणि पाव असो की जावई, 'अगदी मुंबयसारखो' याच्यापुढे स्तुती नाही. पिंजऱ्यातून काकीला वडिलांचा उतरलेला चेहरा दिसला आणि तिचा जीव कळवळला. कंपनीच्या वकिलांनी गोड आवाजात विचारलं, "दोन्हींत काही फरक जाणवतो का, बाई?"

"फरक खयसून येतलो?" काकी ठणकावून म्हणाली. "भावजींचा तेल म्हणजे अगदी मुंबयसारखा! डोळे मिटून लावलात तर खयचा ता कळाचा नाय!"

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. मला इतका संताप आला की परतीच्या वाटेवर मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. वडील मात्र बोलले.

"वयनी, खराच मुंबयसारखा वाटता तुमका?"

"मगे काय!"

एवढ्या त्रासातही ते खुलले. मला त्यांचाही राग आला.

निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्यात काकीच्या साक्षीचा मोठ्या मानाने उल्लेख होता. वडिलांनी सगळ्या बाटल्या घंगाळात भिजवल्या आणि स्वतःच्या हाताने आतेचं नाव खरवडून काढलं.

काकीची साक्ष एव्हाना बाजारभर झाली होती. दुसऱ्या दिवशी पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "ता मुंबयसारखा तेल देवा बघू." मग सगळेच तसं मागू लागले. विक्री तेवढीच राहिली, किंबहुना वाढली. वडील हसून बाटली पुढे करत. आतेचं नाव मात्र त्या दुकानात पुन्हा कोणी घेतलं नाही, वडिलांनीसुद्धा.