मर्लचं पाणी
मर्ल ट्रॅफर्ड माझी शेजारीण. तळ्याकाठी तिचं पत्र्याचं घर आणि माझं, यांच्यामध्ये एकच कुंपण, तेही वॉलबींनी, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या कांगारूंनी, मोडून ठेवलेलं. मला मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही. मी सूप करते. पण मर्लबद्दल बोलायला मासेमारी कळावी लागत नाही. तिचा मला अभिमान आहे आणि तो पोटात ठेवण्याचा माझा स्वभाव नाही.

लहानपणी बाप आणि दोघे भाऊ तळ्यातले ट्राउट मासे धरायला निघाले की मर्ल घरात बसून माश्या बांधायची. गळावर पिसं, वॉलबीची लव आणि दोरा गुंडाळून केलेल्या या खोट्या माश्या. ट्राउट खऱ्या समजून त्यांच्यावर झडप घालतो आणि फसतो. तिच्या माश्यांवर भावांनी ढिगानं मासे धरले आणि वाहवा भावांची झाली. पाण्यावर पोरींचं काय काम, असं बाप म्हणायचा. शेवटी एक दिवस ती भावाची टाकून दिलेली गळाची काठी उचलून एकटीच तळ्याच्या पलीकडच्या अंगाला गेली. तिथं झाडीआड तिला पाण्याचं एक लहानसं वळण सापडलं आणि तिथंच ती आपली आपण शिकली. ते वळण कुठं आहे हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. नवरा बिचारा मरेपर्यंत विचारत राहिला.

आता यात जगावेगळं काही नाही. आमच्याकडचा माणूस बँकेत किती पैसे आहेत ते सांगेल, पण मासा कुठं लागला ते सांगणार नाही. विचारलंच तर बिनदिक्कत खोटं सांगेल, आणि ऐकणारा ते खोटं आहे हे ओळखून गंभीरपणे मान डोलावेल. याला आम्ही रीतभात म्हणतो.

यंदा मर्लनं मेळावा काढला, तोही फक्त नवशिक्या बायकांसाठी. शनिवारी तळ्याकाठच्या हॉलमध्ये माश्या बांधायच्या आणि रविवारी त्याच माश्या घेऊन पाण्यात उतरायचं. होबार्ट शहरातून बस भरून बायका येणार होत्या. महिनाभर तिनं माझं डोकं खाल्लं. टेबलं खिडकीलगतच हवीत, भोपळ्याच्या सुपात मिरी कमी टाक, गळ धरायचे चिमटे कुणाकुणाकडून उसने आणायचे! फोनवर तर तिनं त्या बायकांना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "प्रत्येकीच्या माशीवर एकदा तरी मासा येईल. मी शब्द देते."

आणि मेळावा तोंडावर आलेला असताना बांधाच्या दुरुस्तीसाठी तळ्याचं पाणी सोडलं. हॉलसमोरचा उथळ काठ, जिथं नवशिक्यांना उतरवायचं ठरलं होतं, तिथं नुसता चिखल राहिला.

मर्लनं तळ्यावरच्या जुन्या पुरुषमंडळींना हॉलमध्ये बोलावलं. "मासे सध्या कुठं वर येतायत? बायकांना कुठं नेऊ?"

"काळ्या खडकाकडं," डेस क्रोदर म्हणाला. डेस सत्तरीचा, सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत थापाड्या. काळ्या खडकाकडं मासा कुणी जन्मात पाहिलेला नाही.

"डेस, मी खरं विचारतेय."

"मीही खरंच सांगतोय," असं म्हणून त्यानं हातातल्या स्कोन-पावावर जॅम लावला. बाकीच्यांनीही एकेक मासा न लागणारी जागा सांगितली आणि कपबशा विसळून सगळे घरी गेले.

मर्लनं हातातलं फडकं आपटलं. "लबाड मेले! त्या बायकांना काय चिखल दाखवू?"

"त्यांना कशाला नावं ठेवतेस?" मी म्हटलं. "तुझी जागा कुठंय ते तू तरी कुणाला सांगितलंस?"

ती तडक घरी निघून गेली. मग तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं. कुंपणापलीकडून फक्त भांडी आपटल्याचे आवाज यायचे.

शनिवारी बायका आल्या. शाळेची बस चालवणारी टेगन नावाची एक दांडगी बाई होती. एवढी मोठी बस वळवणारे तिचे हात, पण दोरा काही केल्या गळावर बसेना. पिसं नाकात गेली, शिंका आल्या. शेवटी जे काही तयार झालं ते तिनं मर्लपुढं धरलं.

"मासा उपाशी असला तर चालेल," मर्ल म्हणाली. टेगन सगळ्यांत मोठ्यानं हसली.

चहाच्या वेळी मर्ल उठून उभी राहिली. "उद्या सकाळी माझ्या मागून यायचं. मी माझ्या जागी नेणार आहे."

मदतीला आलेली पुरुषमंडळी चहा ढवळायची थांबली. डेस तिच्याजवळ गेला. "मर्ल, नीट विचार कर. एकदा दाखवलीस की संपलं. परत तुझी राहायची नाही."

"माहितेय मला."

"मग?"

"मग काय? घरात बसून माश्या बांधायला मी यांना नाही बोलावलं."

तिनं डेसच्या हातातला कप घेतला आणि विसळायला टाकला.

रविवारी पश्चिमेचा वारा पडला होता आणि आभाळ ढगाळ होतं. मर्ल म्हणाली, यापेक्षा चांगला दिवस मागूनही मिळायचा नाही. झाडीतून वाट काढत आम्ही गेलो. सगळ्यांत पुढं मर्ल, मागं बायकांची रांग, शेवटी किटल्या आणि सुपाचे डबे घेतलेले पुरुष आणि मी. ते वळण पाहिलं आणि मर्ल इतकी वर्षं गप्प का राहिली ते मला कळलं. तळं उतरलं तरी इथं पाणी टिकून होतं, अगदी आरशासारखं, आणि जागोजागी मासे तोंड वर काढत होते.

पुरुष पाण्याकडं फिरकले नाहीत. वर काठावर बसून त्यांनी चूल पेटवली. खाली मर्ल एकीकडून दुसरीकडं पाण्यातून जात होती. हिचं मनगट धर, तिचा दोर सोडव. एवढ्यात टेगनच्या त्या भयंकर माशीवर खरोखरच एक ट्राउट आला. काठी वाकली. टेगन किंचाळली. मासा उजवीकडं सुसाट निघाला.

"डावीकडं खेच!" वरून डेस ओरडला. "डावीकडं! पाण्याखाली ओंडका आहे, दोर अडकेल!"

टेगननं डावीकडं ओढलं आणि मासा मर्लच्या जाळीत आला. बायकांनी एकच गिल्ला केला. मर्लनं मासा टेगनच्या हातात दिला आणि ती सावकाश काठाकडं वळली. पाण्यावरून कुठलाच ओंडका दिसत नव्हता.

"डेस, ओंडका तुला कसा माहीत?"

डेसनं चुलीत उगाचच लाकूड सारलं. बाकीचे आपापल्या बुटांकडं बघू लागले.

"आम्हा सगळ्यांना माहितेय," तो म्हणाला. "तुझा बाप होता तेव्हापासून. मी एकदा तुझ्या मागून आलो होतो. तू पाण्यात उभी होतीस, एकटीच हसत होतीस. मग परत गेलो आणि सगळ्यांना सांगून ठेवलं, तिकडं कुणी जायचं नाही."

"कुणीच आलं नाही?"

"तू नसताना मीच एकदा येऊन गेलो. ओंडक्यात अडकवून माशी घालवली आणि माझी मलाच लाज वाटली. त्यानंतर कुणी नाही."

मर्लनं गुडघाभर पाण्यात जाळी खांद्यावर टाकली. मला वाटलं, आता रडणार. मी तर रडतच होते.

"तुझी काठी कुठंय?" तिनं विचारलं.

"गाडीत. इथं मला कुणी बोलावलं होतं?"

"डेस क्रोदर," मर्ल म्हणाली, "जा, काठी घेऊन ये."

डेस किटली तशीच टाकून उठला. सत्तरीचा तो म्हातारा झाडीतून गाडीकडं चक्क पळत सुटला.