गोळी बंद, पेशंट गायब

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन, आणि संध्याकाळचे सहा वाजले तरी जाधवकाका ॲडमिट व्हायला आले नव्हते. मी फोन लावला.

"मॅडम, मी गावीच हाय," काका म्हणाले. "भाचीचं लगीन हाय उद्या. मीच लावणार."

जाधवकाका बोर्ली पंचतनजवळच्या गावातले बौद्धाचार्य. आसपासची बौद्ध लग्नं तेच लावतात. पहिल्यांदा आले तेव्हा थायरॉइडचा कॅन्सर श्वासनलिकेला चिकटलेला, आवाज पार बसलेला. तेव्हाच सर्जरी केली असती तर स्वरयंत्र काढावं लागलं असतं. म्हणून आधी टार्गेटेड थेरपी दिली. म्हणजे कॅन्सरच्या पेशींना वाढवणारा सिग्नल अडवणाऱ्या गोळ्या. रोज घरीच घ्यायच्या. तीन महिन्यांत गाठ निम्मी झाली, आवाज मोकळा झाला. या गोळ्यांमुळे जखम लवकर भरत नाही, रक्तस्रावही होतो. म्हणून ऑपरेशनच्या दहा दिवस आधी त्या बंद करायला सांगितल्या. काकांनी त्या अगदी इमानदारीत बंद केल्या.

"अहो, गोळी बंद आहे तुमची! गाठ परत वाढेल!" मी भडकलेच.

"पण आवाज सुटलाय ना मॅडम, पहिल्यासारखा. शब्द दिलाय मी."

"बरं. उद्या लग्न लावा आणि परवा सकाळी इथे हजर व्हा."

"येतो की."

आले सतराव्या दिवशी. मधे फोन उचलत नव्हते. भाचीच्या लग्नात त्यांचा आवाज ऐकून आणखी दोघांनी बोलावलं होतं, आणि या माणसाला नाही म्हणता येत नाही!

सीटी स्कॅन केला. गाठ वाढली होती. पुन्हा गोळ्या देऊन थांबावं तर श्वास अडकायची भीती. मी ऑपरेशन केलं. कॅन्सर सगळा निघाला, स्वरयंत्रही वाचलं. पण आवाजाची डावी नस गाठीत पुरती गुरफटली होती. कापावी लागली.

"तिन्ही लग्नं लागली पण," काका मला वॉर्डात म्हणाले. ऐकायला मला खाली वाकावं लागलं.

फार वाईट वाटलं. राग तर होताच, थोडा स्वतःचाही. गोळी का बंद करायची ते मी त्यांना सांगितलं होतं. बंद केल्यावर तारीख का चुकवायची नाही, हे सांगितलं फोनवर, तेही ओरडून.

आता ऑपरेशनची तारीख लिहिण्याआधी मी विचारते, "नात्यात कुणाचं लग्न आहे का?"