माझ्या खुर्चीवरची गादी

२००७ साली टोरांटोचा फुटबॉल क्लब अमेरिकन लीगमध्ये नवा होता आणि त्याला एकही गोल करता येत नव्हता. आमच्या शिकागोविरुद्धच्या मॅचची दोन तिकिटं तिथल्या मावसभावाने काढली होती. मी गेलो नाही. अमेरिकेतल्या नोकरीचे कागद चोख होते, पण पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा संपलेला. परत येताना सीमेवर अडवलं तर? भित्रा म्हणा हवं तर.

त्याच मॅचमधला त्यांचा पहिलावहिला गोल मी शिकागोजवळ नेपरव्हिलला घरी टीव्हीवर पाहिला. फुकट वाटलेल्या बसायच्या गाद्या प्रेक्षकांनी आनंदाने मैदानात भिरकावल्या. भावाचा फोन आला, “तुझीही फेकली रे!”

सहा वर्षांनी माझा व्हिसाचा वकील सहज म्हणाला, व्हिसा संपलेला असला तरी तेव्हा चार दिवस कॅनडाला जाऊन आलेलं चाललं असतं. त्या सहा वर्षांत मी कुणाला विचारलंच नव्हतं.