उघड्यावरचं विमान

कबुलीजबाब म्हटलं की तुम्हाला काय वाटलं — पोरीबिरीचं लफडं असंल? कॉपी करून पास झाला असंल? नाय. माझ्या कबुलीजबाबात विमान आहे. खरंखुरं, उडणारं. आता म्हणाल, फेकतोय. मिमिक्री करणाऱ्याचं हेच दुखणं — खरं बोललं तरी लोक विचारतात, हा कुणाचा आवाज काढलास?

हे मी शहरात कुणालाच सांगितलेलं नाही. ज्या दोघांना सांगितलं ते शहरात येत नाहीत. आणि आमच्या डॉक्टरसाहेबांना हे वाचूनच कळणार आहे. कळू द्या.

मी उस्मानपुऱ्यात हाडांच्या एका दवाखान्यात काउंटरवर बसतो. नंबर लावतो, फायली काढतो आणि मोकळ्या वेळात आवाज काढतो. तालुक्याच्या शाळेत असताना हेडसरांच्या आवाजात माइकवरनं सुट्टी जाहीर केली होती. अर्धी शाळा घरी गेली. छड्या बसल्या, पण मारताना सर स्वतःच हसत होते. तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं — हसवलं की सगळं माफ असतं.

तर, साहेबांनी दोन सीटचं विमान घेतलं. जुनंच. घेतल्यावर कळलं की विमान घेणं सोपं, ठेवणं अवघड. शहराच्या विमानतळावर ठेवणं झेपंना, म्हणून दोन तासांवरच्या एका माळावरच्या धावपट्टीवर नेलं. तिथं विमानं कमी अन् शेळ्या लई. पण भाडं तिथंही सुटत नाही हो! पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचं तर भरभक्कम, उघड्यावर ठेवायचं तर त्याच्या पाव. साहेब महिन्यातनं दोनदा उडायचे, बाकीचा महिना विमान नुसतं उभं — आणि मीटर चालू. शेडचं बिल आलं की केबिनमधनं आरोळी यायची, "अरे, हे भाडं पाखराचं घेतात की पिंजऱ्याचं? लोकांची हाडं मी जोडतो अन् माझी हे मोडतात! काढून टाका ते उघड्यावर!" काढत मात्र नव्हते. बिल भरायचे.

विमान सांभाळायला भागूजीमामा होते. साठी उलटलेला धनगर माणूस. मेंढरं विकली तेव्हापासून साहेबांकडं. झाडायचं, पुसायचं, पंखात चिमणीनं घरटं तर नाही ना केलं, ते बघायचं. चाकाखाली दगड लावताना ते विमानाशी बोलायचे — "हलू नगंस, हलू नगंस." मी बिल भरायला तिकडं जायचो, तेव्हा ही लकब मी उचलली. तेव्हा प्रेमानंच उचलली होती.

उन्हाळ्याच्या तोंडावरची एक दुपार. साहेब ऑपरेशनला, केबिन रिकामी. मी त्यांच्या खुर्चीत बसलो — व्हय, पाय टेबलावर. शाळेतली ती सुट्टी सोडली, तर आजवर ज्यांना फसवलं ते हसायच्या तयारीनंच बसलेले असायचे. ज्याला काहीच माहीत नाही, त्याला फसवता येतं का? एवढंच बघायचं होतं. केबिनचा फोन उचलला आणि साहेबांच्या आवाजात म्हणालो, "भागूजी, शेडचं भाडं वाढवलंय त्यांनी. परवडत नाही. विमान आत्ताच्या आत्ता उघड्यावर काढ."

"साहेब, पर आभाळ चांगलं दिसंना. काळं आलंय."

"तू हवामान खात्यात लागलास का?" हे साहेबांचं ठरलेलं वाक्य.

तीनदा सांगितलं त्यांनी. आभाळ चांगलं नाय, साहेब. मग म्हणाले, "बरं, जशी मर्जी."

फोन ठेवून मी खुर्चीतल्या खुर्चीत गोल फिरलो. काय आवाज लागला होता! पाच मिनिटांनी परत फोन करून सांगणार होतो — मामा, गंमत केली. का नाही केला? काउंटरवर गर्दी झाली? झाली, पण त्या गर्दीत मी दोनदा चहा प्यायलो. विसरलो? तेही नाय. आठवण होती. मला वाटत होतं — आणखी थोडा वेळ खरं राहू दे.

चारच्या सुमाराला तिकडं गारा पडल्या. लिंबाएवढ्या. पंखांना पोचे पडले, पुढची काच तडकली. शेड दहा पावलांवर, रिकामी. उलट्या वाऱ्यात मामांना एकट्याला विमान परत आत ढकलता येईना, म्हणून त्यांनी स्वतःची घोंगडी काचेवर टाकली अन् ती धरून उभे राहिले. डोक्याला तीन टाके.

दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून ते केबिनमध्ये आले. साहेब म्हणाले, "मी सकाळी फोन केला, पुसून ठेव म्हणून. बाहेर काढ असं कधी म्हणालो?"

"नाय साहेब, दुपारी. तुमचाच आवाज व्हता."

मी फाइल घेऊन दारात उभा. दोन पावलं, अन् एक वाक्य — इतकंच लागत होतं. साहेब ओरडले असते तर कदाचित मी बोललो असतो. पण ते ओरडले नाहीत. "वय झालं तुझं भागूजी, कान गेले," म्हणाले आणि उरलेला पगार हातात दिला. मी फाइल टेबलावर ठेवली आणि पुढचा नंबर पुकारला.

हाच गुन्हा, असं वाटलं ना? नाय भाई. अजून आहे.

दवाखान्याचं स्नेहसंमेलन होतं. साहेबच म्हणाले, "अरे, तो भागूजी करून दाखव." मी हात जोडले, मान वाकडी केली, घोगरा आवाज काढला — "नाय साहेब, तुमचाच आवाज व्हता!" लोक खुर्च्यांवरनं पडायचे बाकी राहिले. मग तोच माझा हुकमी आयटम झाला. गणपतीत, लग्नात, क्रांती चौकातल्या चहाच्या गाड्यावर. पुंडलिकनगरात पोरं मला त्याच वाक्यानं हाक मारतात. त्याच्यावर माझं नाव झालं. भर स्टेजवर मी दर वेळी खरं तेच सांगत होतो की! ते खरं होतं, हे मात्र तिथं एकट्या मलाच माहीत होतं.

गेल्या महिन्यात त्या माळाजवळच्या गावच्या जत्रेत दुपारचा कार्यक्रम मिळाला. आयटम सुरू केला आणि दुसऱ्या रांगेत भागूजीमामा दिसले. शेजारी मामी. मामांनी कानामागं हात धरला होता — नीट ऐकत होते. मी थांबलो का? नाय. पूर्ण केला. टाळ्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर बसून सगळं सांगितलं, खुर्ची अन् दोन चहांसकट. मामीनं चहा ठेवला होता. तो तिनं चुलीवरनं उतरवला अन् अंगणात ओतला.

"गाव म्हनतंय म्हातारा भरमिष्ट झाला. अन् ह्यो बी तेच म्हनाय लागला," मामी म्हणाली. "लेकीचा फोन आला तरी आधी इचारतो, आपल्या शेळीचं नाव सांग. नाव सांगितलं तरच बोलतो. परवा नातवाला नाव आलं नाय, तर ह्यानं फोन ठिवून दिला. पोरगं रडत बसलं तिकडं. अन् तू टाळ्या घेतोस व्हय रं, मुडद्या?"

मग मामा बोलले. मी त्यांचा आवाज कितीदा काढलाय, पण असा कधी ऐकलाच नव्हता.

"तीनदा सांगितलं तुला, आभाळ चांगलं नाय म्हनून. तीनदा! मालक बोलला म्हनून गप बसलो. त्याचं इमान, त्याचं नुकसान. तू कोन व्हतास? मुकं व्हतं ते. मुक्याला गारांत उभं केलंस, अन् वर माझीच नक्कल करतोस? ऊठ. ओट्यावरनं आधी ऊठ."